मान वर करून बघणाऱ्या कावेरीबाई

वर्गात पाऊल टाकले की कावेरीबाईंचे पहिले वाक्य ठरलेले असे. "आधी मान वर करा." हजेरी त्यानंतर, पुस्तके त्यानंतर. एखादीची मान तरीही खालीच राहिली, तर बाई तिच्यापाशी जात, आपली काळी छत्री जमिनीवर टेकवत आणि म्हणत, "खाली काय आहे ते मला ठाऊक आहे. सारवलेली जमीन आहे. वर काय दिसतं ते सांग." मग ती मुलगी आढ्याकडे बघून काहीतरी सांगे. कोळ्याचे जाळे, कौलातून आलेली तिरीप, पालीची शेपटी. "छान," बाई म्हणत, "आता शिकायला हरकत नाही."

मान खाली घालून चालायचे शिक्षण मुलींना घरी उत्तम मिळते, तेच पुन्हा द्यायला शाळा काढलेली नाही, हे त्या तपासायला आलेल्या साहेबालाही ऐकवत. आणि ऐकवण्याचा त्यांना अधिकार होता. लहानपणीच नवरा गेला, सासरच्यांनी कोपऱ्यात बसवले, त्या कोपऱ्यातून उठून पुण्याला शिकायला गेल्या आणि शिक्षिका होऊन आमच्या रत्नागिरीत आल्या. केस राखलेले, कपाळ मोकळे, नऊवारी काठापदराची. विधवेने काठाचे नेसावे की नाही यावर गावात चर्चा झाली. बाईंनी ती चर्चा होऊ दिली आणि काठ आणखी रुंद केला.

उंच, काटकुळ्या, आवाज मात्र आगबोटीच्या भोंग्याचा. तपकीर ओढत. छत्री बारा महिने हातात, पण पावसात क्वचितच उघडत. "छत्री उघडली की अर्धं आभाळ दिसेनासं होतं," म्हणत. ती छत्री म्हणजे त्यांचे बोट होते. तिने त्या नकाशावरच्या नद्या दाखवत, झाडावरची पाखरे दाखवत, आणि वाद घालताना समोरच्या माणसाची चूकही दाखवत.

मी त्यांच्या हाताखाली नवी शिक्षिका. मुली मला धाकट्या बाई म्हणत. माझ्या वडिलांचा छापखाना. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मी वाढले. अन्याय दिसला की पत्रक काढावे, एवढा एकच उपाय मला येत होता. बाईंनी मला दुसरा शिकवला, त्याचीच ही हकिकत.

गावात वीज नुकती आली होती. कंपनीने इंजिन बसवले, रस्त्यांवरून खांब रोवले, खांबांवरून उघड्या तारा ओढल्या आणि आमच्या शाळेच्या मोठ्या खोलीत आढ्याला एक बल्ब टांगला. तो लागला त्याच आठवड्यात बाईंनी मोठ्या बायकांचा संध्याकाळचा वर्ग सुरू केला. दिवसभर राबणाऱ्या बाईला दिवेलागणीनंतरच उसंत मिळते, आणि रॉकेलच्या चिमणीत अक्षरे दिसत नाहीत, डोळे तेवढे जातात. म्हणून हा एक बल्ब म्हणजेच तो वर्ग होता.

त्या वर्गाची खरी गोष्ट म्हणजे जाजम. एकच जाजम. भाट्याहून तरीने खाडी ओलांडून येणारी भंडाऱ्यांची सखू, बाजारात मासे विकून येणाऱ्या दोघी, ब्राह्मणआळीतल्या दोन विधवा आणि जनी. जनीच्या वस्तीला गाव अस्पृश्य म्हणे. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी जाजमाच्या मध्यावर बसवले. कडेला बसवले असते तर ती कड तिच्यासाठी कायमची झाली असती.

बायकांना बल्बचे अप्रूप फार. तो लागला की सगळ्या हात जोडत. पण वारा सुटला की त्यांचा जीव खालीवर होई. सखू तर बाकावर चढून दोन्ही हातांचा आडोसा बल्बला करी, तुळशीपुढच्या पणतीला करतात तसा.

"सखू, खाली उतर. वाऱ्यानं तो जात नाही."

"जातो वो बाय! दर वादळात जातो. मी सोता बघितलंय."

हे सखूचेच मत नव्हते. वादळ आले की सगळ्या गावात खिडक्या लागत, दाराच्या फटींत फडकी कोंबली जात, कशासाठी, तर बल्ब वाऱ्याने विझू नये म्हणून. आणि तरी तो विझे. मग म्हणत, फट राहिली असणार.

आषाढातल्या एका संध्याकाळी बाईंनी ठरवले की हे आता पुरे झाले. बाहेर सोसाट्याचा वारा होता, आणि नेमके त्या दिवशी शाळा-समितीचे अध्यक्ष अण्णा खोत वर्ग पाहायला आले होते. अण्णांची माडांची मोठी वाडी शाळेपासून जवळच होती. गावात त्यांचा शब्द चाले. बाईंनी त्यांच्यादेखत खोलीच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. पाऊस आत आला, पाट्या भिजल्या, बल्ब घड्याळाच्या लंबकासारखा हलू लागला, पण तेजात फरक नाही. बाईंचा चेहरा फुलला. छत्री बल्बकडे रोखून त्या म्हणाल्या, "पाहिलंत अण्णासाहेब? वाऱ्यानं दिवा–"

आणि काळोख झाला.

त्या काळोखातून अण्णांचा शांत आवाज आला, "–जातो."

दुसऱ्या दिवशी सगळे गाव हसत होते. मच्छीबाजारात "वाऱ्यानं दिवा" असे एकाने म्हणायचे आणि "जातो" असे दुसऱ्याने, हा खेळच झाला. हसण्याचे बाईंना काही वाटले नाही. पण हसण्याच्या मागून दुसरे काहीतरी आले. विजेच्या तारा अण्णांच्या वाडीच्या कडेने जात होत्या. वाडीच्या टोकाला, दगडी गडग्याला लागून, एक जुना उंच माड होता. त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. तो वाडीचा राखणदार, रखवाली करणारा देव. लोक म्हणू लागले, राखणदार रागावला आहे. ज्या तारा त्याच्या हद्दीवरून जातात त्यांच्या उजेडात कोण कोण एका जाजमावर बसते, ते त्याला दिसते आहे.

अण्णांनी बाईंना बोलावून घेतले. मी बरोबर होते.

"बाई, मी काही जुनापुराणा माणूस नाही. मी मुंबई पाहिलेली आहे."

"मग झालं तर."

"पण माझा राखणदार मुंबईला गेलेला नाही!" अण्णा म्हणाले. "लोक माझ्याकडे येतात. मी काय सांगू? साधी गोष्ट करा. त्या जनीला ओसरीवर बसवा. तिथूनही फळा दिसतो."

"ती ओसरीवर, तर मीही ओसरीवर. मग आत शिकवणार कोण?"

"मग वर्गाला कुलूप लावावं लागेल."

बाईंनी तपकीर ओढली, शिंकल्या आणि विचारले, "दिवा जाण्याचं कारण मी शोधून काढलं तर? आणि हस्ताच्या वादळात दिवा टिकवून दाखवला तर?"

हस्त नक्षत्रातले वादळ म्हणजे आमच्याकडे वर्षातले सर्वांत दांडगे; त्यात दिवा टिकणे अण्णांना अशक्य वाटले असावे. ते हसले. "टिकला तर बसूदेत तुमच्या सगळ्या एका जाजमावर. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण गेला, तर कुलूप. कबूल?"

"कबूल. धाकट्या बाई, तुम्ही साक्षीदार."

तिथून आम्ही कंपनीच्या कचेरीत गेलो. इंजिनियरसाहेब देशावरचे. भले गृहस्थ, पण कोकणातला त्यांचा हा पहिलाच पावसाळा. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि समजावले की वादळात आकाशातली वीज तारांवर उतरते, त्यामुळे इंजिनघरातली जपणुकीची बारीक तार वितळते आणि पुरवठा बंद होतो.

"वीज उतरते हे खरं," बाई म्हणाल्या. "पण साहेब, आषाढात आमच्याकडे वीज कडाडते कुठे? नुसता वारा आणि पाऊस. कडाडते ती वळवाला नाही तर हस्तात. परवा दिवा गेला तेव्हा आभाळात एक ठिणगी नव्हती."

साहेब विचारात पडले. हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मग म्हणाले, "तर मग काहीतरी दोन्ही तारांना एकदम शिवत असलं पाहिजे. पण तारांजवळच्या आंब्याफणसाच्या सगळ्या फांद्या आम्ही छाटल्यात. आणि दर वेळी सकाळी माझी माणसं त्या वाटेनं जातात. तारांखाली काही सापडत नाही. फांदी नाही, मेलेला कावळा नाही. काही म्हणजे काही नाही."

"काहीच सापडत नाही," बाई परत येताना पुटपुटत राहिल्या. "काहीच नसेल तर दिवा जाणार नाही. म्हणजे आहे. आणि कुणीतरी उचलतं आहे."

दोन तारांना एकदम शिवले तर काय होते, हे त्यांनी बायकांना विहिरीवर शिकवले. विहिरीपासून खोलीपर्यंत बायकांच्या दोन रांगा केल्या. एका रांगेतून भरल्या कळशा हातोहात खोलीकडे जायच्या, दुसरीतून रिकाम्या परत यायच्या. "ही जाणारी तार, ही येणारी. खोलीत माठ भरतो तो आपला दिवा. कळलं?" काम सुरळीत चालले. मग त्यांनी सखूला मधेच उभे केले. "तू झाडाची ओली फांदी. भरली कळशी इकडून घ्यायची नि तिकडच्या रांगेत ढकलायची."

सखूने ते काम जीव लावून केले. भरल्या कळशा जवळच्या वाटेने भराभर परत येऊ लागल्या, विहिरीवरच्या दोघींची धांदल उडाली, कुणाच्या पायावर कळशी पडली, रहाटाचा दोर सुटला, बायका भिजून चिंब झाल्या आणि हसून हसून खाली बसल्या. खोलीतला माठ कोरडा.

"बघा," बाई ओरडल्या, "दिवा गेला. वारा होता का?"

"नव्हता!"

"मग कुणी घालवला?"

"सखूनं!"

"आता ही सखू गावात कुठे उभी आहे, ते मी शोधणार."

त्यांनी शोध चालून केला. श्रावणातली उघडीप मिळाली की त्या इंजिनघरापासून निघत आणि मान वर करून, तारांवरची नजर न काढता, खांबामागून खांब चालत जात. गटारात पाय गेला, म्हशीला धडकल्या, एकदा गोकुळाष्टमीच्या मांडवाच्या खांबाला धडकल्या. पोरे मागे धावत. बाई थांबल्या नाहीत. अण्णांच्या वाडीशी मात्र त्या गडग्यावरच आपटल्या आणि आतून हाक आली, "अहो बाई, पडाल हो! जरा खाली बघून चालावं माणसानं."

त्या अण्णांच्या पत्नी, माई. हातात हिरांची, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या काड्यांची, केरसुणी घेऊन राखणदाराचे थळ, त्या शेंदरी दगडाभोवतीची जागा, झाडत होत्या. त्यांनी बाईंना आत बोलावून पाणी दिले, गूळ दिला. आणि गूळ तोंडात टाकता टाकता कावेरीबाईंनी मान खाली घातली. मी त्यांना तसे करताना पहिल्यांदाच पाहिले. त्या केरसुणीकडे बघत होत्या.

"वहिनी, हे हीर काळे कशानं झाले?"

माईंनी केरसुणी वळवून पाहिली. त्यातले काही हीर मधोमध करपलेले होते. "कुणास ठाऊक."

"चुलीजवळ ठेवता का?"

माईंनी कानांवर हात ठेवले. "चुलीजवळ? अहो, ही राखणदाराच्या माडाच्या झावळीची! त्याच्या माडाला कोयता लावत नाहीत. झावळ्या वाळल्या तरी तशाच, तो स्वतः टाकील तेव्हा. आणि टाकली की ती विस्तवाला दाखवायची नाही, पायदळी येऊ द्यायची नाही. हीर काढून केरसुणी बांधायची, ती फक्त त्याचंच थळ झाडायला. माझ्या सासूबाईंपासून चालत आलंय."

"विस्तवाला कधीच दाखवत नाही?"

"कधीच नाही."

"मग करपली कशी?"

माईंनी करपलेल्या हिरांवरून बोट फिरवले. बाईंनी वर पाहिले. गडग्याला लागून, सगळ्या वाडीपेक्षा उंच, राखणदाराचा माड. त्याला वाळक्या झावळ्यांची दाढी लोंबत होती. त्याचा शेंडा तारांपासून इतका उंच नि दूर होता की फांद्या छाटणाऱ्या कंपनीच्या माणसांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसणार. देशावर माड नाहीत, वाऱ्यावर झावळी कुठवर जाते हे त्यांना काय माहीत. पण पश्चिमेचा वारा त्या माडावरून नेमका तारांकडे वाहत होता.

"तो झावळी कधी टाकतो, वहिनी?"

"रागावला की. दिवा घालवतो नि झावळी टाकतो." माईंचा आवाज खाली आला. "दर वेळी. दिवा गेला की मी कंदील घेऊन बाहेर येते. गडग्यापलीकडे वाटेत झावळी पडलेलीच असते. कितीही पाऊस असो, मी ती लगेच आत आणते."

"म्हणजे सकाळी कंपनीची माणसं येतात तेव्हा वाटेत काही नसतं."

"कसं असेल? देवाची वस्तू रात्रभर चिखलात ठेवीन का मी?"

कावेरीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे चमकत होते, पण आवाज मऊ होता. "वहिनी, आधी दिवा जातो नि मग झावळी पडते, हे तुम्ही पाहिलंय?"

"पाहायचं काय त्यात? मी बाहेर येते तेव्हा–"

"तुम्ही बाहेर येता ती दिवा गेल्यावर. पुढच्या वादळात त्याच्या आधी या. पडवीत बसा. आणि–"

"मान वर करू," माई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. बाईंचे ते वाक्य गावात सगळ्यांना पाठ होते.

पुढचे वादळ फार दिवस थांबले नाही. ते येऊन गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी माई शाळेत आल्या. खोतांच्या घरची बाई शाळेच्या पायरीवर, असे त्याआधी कधी घडले नव्हते. प्रार्थना चालू होती. त्या दारातूनच म्हणाल्या,

"बाई! आधी झावळी!"

प्रार्थना थांबली.

"मी डोळ्यांनी पाहिलं हो. वारा आला, पावसानं भिजलेली वाळकी झावळी सुटली, पतंगासारखी गेली नि तारांवर आडवी बसली. निळा जाळ झाला. फट्! आणि मग काळोख. मग ती घसरून वाटेत पडली." त्यांना धाप लागली होती. "राखणदार रागावला नव्हता हो बाई. झावळी वाळली होती, एवढंच."

त्याच दिवशी दुपारी समिती बसली. अण्णांनी बायकोला सर्वांसमोर विचारले, "तू पाहिलंस? एवढ्या अंधारात?"

"अंधार मागाहून झाला," माई म्हणाल्या. "आधी उजेड होता. त्या उजेडातच पाहिलं."

समितीतली माणसे अण्णांकडे बघू लागली. कावेरीबाई तेवढ्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्या हसत होत्या हे मला बाजूने दिसत होते.

पण कारण कळणे आणि ते दूर करणे यांत एक माड उभा होता. तो माड चढणार कोण? वाडीतले नारळ उतरवणारा पाडेली धाकू, सखूचा दीर. नारळ काढताना तो वाऱ्याशी गप्पा मारत चढे. या माडाचे नाव काढताच त्याने कोयता खाली ठेवला.

"मालकानं राखणदाराला गाराणं घातल्याबिगर मी नाय चढनार. बाय, तुमी रागावा, मारा. नाय चढनार."

मी त्या रात्री पेटले. एका दगडाला विचारून दिवा लावायचा? मी पत्रक लिहिले. 'राखणदार की राखरांगोळी?' असे त्याचे नाव होते. सकाळी बाईंना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, कागद हातात घेतला आणि त्याची नीट घडी करून ती कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

"भाषा चांगली आहे. पण पत्रकानं झावळी पडत नाही."

"म्हणून तुम्ही गाऱ्हाण्याला उभ्या राहणार? तुम्ही? होय महाराजा म्हणणार?"

"धाकू त्या माडावर चढणार आहे," बाई म्हणाल्या. "मनात भीती घेऊन चढला आणि हात सुटला, तर तुमचं पत्रक त्याला झेलणार आहे का? मला त्याचे हात घट्ट हवेत. ते ज्यानं घट्ट होतील ते मी करीन. आणि धाकट्या बाई, देवावर आळ आलाय. तो उतरवायला त्याच्यासमोर उभं राहायला मला लाज नाही वाटत."

टोपलीतला कागद मी तिथेच राहू दिला.

गाऱ्हाण्याला सगळे गाव जमले. वर्गातल्या बायका आल्या. जनी गडग्याबाहेर उभी राहिली. आत ये असे तिला कुणी म्हटले नव्हते. अण्णांनी पान, सुपारी, नारळ ठेवला, घसा साफ केला आणि हात जोडले.

"बा राखणदारा महाराजा! आज तुझी सगळी लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत."

"होय महाराजा!" लोक म्हणाले. कावेरीबाईंचा भोंगा त्यांत सर्वांच्या वर.

"तुझी वाळली झावळी वाऱ्यानं उडते, तारेवर बसते, गावचा दिवा जातो. आणि आम्ही खुळी माणसं बोल तुझ्यावर ठेवतो."

"होय महाराजा!"

"तुझ्या माडाला कोयता लावणार नाही. वाळलं तेवढं हातानं उतरवू, तुझ्या थळावर ठेवू. हा धाकू चढतो त्याला सांभाळ. काय चुकलं माकलं असेल ते पदरात घे."

"होय महाराजा!"

अण्णा थांबले. बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "जाजमाचं राहिलं." अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माईंकडे. माई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. अण्णांनी पुन्हा हात जोडले.

"आणि महाराजा... आमच्या शाळेत एका जाजमावर कोण कोण बसतं, त्यावर तुझं काही भांडण नव्हतं. ते आम्हीच तुझ्या तोंडी घातलं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग गडग्यापलीकडून जनीचा एकटीचा आवाज आला, खणखणीत.

"होय महाराजा!"

आणि तिच्यामागून सगळ्यांचा.

धाकू चढला. कमरेचा कोयता त्याने खालीच ठेवला होता. वर पोचल्यावर एकेक वाळकी झावळी हाताने ओढून त्याने सोडली. त्या सरसरत खाली आल्या. खाली माईंनी त्या झेलून थळावर रचल्या. दाढी काढल्यावर तो माड एकदम तरुण दिसू लागला. धाकू उतरला तो हसतच. "बाय, वरून तुमची शाळा दिसते," म्हणाला.

हस्ताचे वादळ आले ते दिवस मावळतानाच. आभाळ काळे ठिक्कर झाले, मग विजा कडाडू लागल्या, मग वारा. अण्णा खुर्ची टाकून वर्गात बसले. बाहेर ओसरीवर, पडवीत, अंगणात गोणपाटे डोक्यावर घेऊन निम्मा मच्छीबाजार लोटला होता. एका बल्बकडे एवढी माणसे टक लावून बघत असलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. इंजिनियरसाहेबही आले होते.

कावेरीबाईंनी पदराच्या टोकाने बल्ब पुसला, कंदिलाची काच पुसतात तसा. मग त्यांनी खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"बाई, कशाला?" मी कळवळून म्हटले.

"मागच्या वेळी वाक्य अर्धं राहिलंय," त्या म्हणाल्या. "जनी, ऊठ. फळ्यावरचं वाच."

जनी उठली. वारा आत घुसला, बल्ब झोके घेऊ लागला, सगळ्यांच्या सावल्या भिंतींवर नाचू लागल्या. जनी एकेक अक्षर जोडून वाचत होती. समुद्राच्या बाजूला वीज पडली, कौले थरथरली, बल्ब क्षणभर मंद झाला. सखू सवयीने हात वर करून उठली. मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले, आणि ते मांडीवर घेऊन खाली बसली.

बल्ब पुन्हा उजळला.

जनीने धडा संपवला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. कितीदा वाचला कुणास ठाऊक. बाहेरच्या लोकांना तो पाठ झाला. वारा हळूहळू पडला, पागोळ्यांचा आवाज तेवढा राहिला, आणि बल्ब आढ्याला शांत लोंबत होता, जळत होता.

कावेरीबाई अण्णांकडे वळल्या. छत्री बल्बकडे केली. "अण्णासाहेब, वाऱ्यानं दिवा–"

अण्णांनी तोंड उघडले. पण त्यांच्या आधी जाजमावरून, ओसरीवरून, अंगणातल्या गोणपाटांखालून एकच गर्जना उठली.

"–जात नाही!"

अण्णा मोठ्याने हसले. पैज हरलेला माणूस असे हसू शकतो, यासाठी मी त्यांना मानते. माई मात्र हसल्या नाहीत. त्या ओसरीवरून आत आल्या, चपला दाराशी काढल्या, जाजमाच्या मध्यावर गेल्या आणि जनीला म्हणाल्या, "जरा सरक गो. माझी पाटी कुठे ठेवू?"

त्यानंतर गावात दिवे गेलेच नाहीत असे नाही. एकदा खांबांवरच्या, तारा धरणाऱ्या चिनीमातीच्या वाट्यांवर समुद्राचा खार बसून गेले, एकदा खांबच कलला, एकदा खरोखर वीज पडली. पण आता दिवा गेला की लोक राखणदाराला विचारत नव्हते. कंदील घेऊन बाहेर पडत आणि विचारत, "कुठे? काय शिवलं?" आणि पहिल्या बाहेर पडणाऱ्यांत बहुतेक बायका असत.

पुढच्या वैशाखात कावेरीबाईंची बदली झाली. जिथे वीज अजून पोचली नव्हती अशा गावी. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट बाहेर समुद्रात उभी होती; तिच्यापर्यंत माणसे न्यायला धक्क्याला पडाव लागला होता. सगळा वर्ग पोचवायला आला होता. बायका रडत होत्या, मान खाली घालून. मीही. निरोपासाठी मी चार शब्द लिहून आणले होते, तो कागद ओला झाला.

पडाव सुटला. पाऊस भुरभुरू लागला, तरी बाईंनी छत्री उघडली नाही. पडाव बराच दूर गेल्यावर त्या एकाएकी उभ्या राहिल्या, खलाशी ओरडला तरी बसल्या नाहीत. छत्री आमच्या डोक्यांवरून कुठेतरी रोखून त्या काहीतरी ओरडत होत्या. लाटांच्या आवाजात एकच शब्द आला.

"–घरटं!"

आम्ही वळून वर पाहिले. धक्क्यावरच्या विजेच्या खांबावर, दोन तारांच्या बरोबर मधे, कावळ्याने काटक्यांचे आणि तारेच्या तुकड्यांचे ऐसपैस घरटे बांधले होते. पहिल्या मोठ्या सरीत ते चिंब भिजले असते आणि सगळा धक्का अंधारात गेला असता.

"अगो बाई," माई म्हणाल्या. सखू भांडत सुटली की हे आपल्याला आधी कसे दिसले नाही. जनी कंपनीच्या कचेरीकडे धावली. बाकीच्या आम्ही खांबाखाली उभ्या राहून, पाऊस तोंडावर घेत, ते कसे काढायचे यावर एकदम बोलू लागलो.

पडाव आगबोटीला कधी लागला, बाई शिडी कधी चढल्या, ते आमच्यापैकी एकीनेही पाहिले नाही. आम्ही सगळ्या वर बघत होतो.